नक्षीची पट्टी कापताना: वाचकांचे प्रश्न

माझ्याकडे अँगल ग्राइंडर आहे. त्याला दातेरी चकती लावून बीडिंग पट्टीची (चौकटीच्या कडेला लावायच्या नक्षीदार लाकडी पट्टीची) नक्षी काढता येईल का?

नको. चकतीचा दात लाकडात अडकला की ग्राइंडर हातातून उसळतो, आणि मग तो कुठे वळेल याचा नेम नसतो. इतकं करून नक्षीही सरळ येत नाही. कडेला नुसती गोलाई हवी असेल तर छोटा ट्रिमर (हातात धरून कड कापायचं यंत्र) आणि बेअरिंगचा बिट (कडेला टेकून चालणारं चाक असलेलं फिरतं पातं) पुरे. खोल नक्षीला राउटर टेबल हवं, म्हणजे ज्याच्या पृष्ठभागातून फिरता बिट वर येतो असं टेबल.

राउटर टेबलवर 20 मिमी रुंदीची पट्टी थरथरते. परवा तर हातातून उडालीच. टेबलात दोष असेल का?

टेबल बिचारं निर्दोष असावं. पट्टी आधी चिरून घेतली, तिथे चुकलं. रुंद फळी घ्या, तिच्या कडेवर नक्षी उतरवा आणि मग तेवढी कड टेबल सॉवर (टेबलात बसवलेल्या गोल करवतीवर) चिरून वेगळी करा. फळीची नवी कड रंधून पुन्हा तेच. बोटं बिटापासून लांब राहतात आणि फळीच्या वजनानं थरथरही कमी होते.

पट्टी उडाली ती बहुधा उलट ढकलल्यामुळे. फेन्स (फळी टेकवायची सरळ आडपट्टी) पलीकडे आणि बिट आपल्या बाजूनं कापत असेल, तर फळी उजवीकडून डावीकडे, म्हणजे बिटाच्या फिरण्याच्या विरुद्ध सरकवायची. उलट दिशेनं बिटच तिला ओढून नेतो. फेन्स आणि बिट यांच्या मधल्या फटीतून तर पट्टी कधीच घालू नका. फळी दाबून धरायला फेदरबोर्ड (लवचिक दात्यांची फळी) लावा, शेवटचा भाग ढकलकाठीनं सरकवा. पूर्ण खोली एका दमात घेऊ नका. दोन-तीन हात द्या, शेवटचा अगदी हलका.

6 मिमी दांडीचा बिट घ्यावा की 12 मिमीचा?

मोठ्या नक्षीला 12 चाच. तो कमी लवचतो. बिट जितका रुंद तितका वेग कमी. 25 मिमीपर्यंतचे बिट साधारण मिनिटाला 22,000 फेऱ्यांवर चालतात, 50 मिमीच्या पुढे मात्र 16,000 च्या खाली उतरा. बिटावर कमाल वेग छापलेला असेल तर तोच अखेरचा शब्द. दांडी कोलेटच्या (ती आवळून धरणाऱ्या भागाच्या) तळाला टेकवू नका; दोन-तीन मिमी वर ओढून मगच आवळा. बिट बदलण्याआधी प्लग काढायचा, हे अनुभवी माणसंच जास्त विसरतात.

हातमोजे घालू का?

फिरत्या बिटाजवळ नाही. मोजा अडकला तर हातही ओढला जातो. चष्मा, कानांना संरक्षण आणि धुळीचा मास्क मात्र हवाच. लाकडाची धूळ कर्करोगकारक पदार्थांच्या यादीत आहे.

जुन्या चौकटीची फूटभर पट्टी तुटली आहे. त्या आकाराचा बिट मिळत नाही.

एवढ्याशा कामाला यंत्र कशाला? जुन्या करवतीच्या पात्याचा तुकडा घ्या, कानशीनं त्याला नक्षीचा उलटा आकार द्या आणि लाकडी ठोकळ्याच्या खाचेत घट्ट बसवा. ठोकळा कडेला टेकवून खरवडत राहा. कठीण, सरळ तंतूंच्या लाकडावर सुरेख काम होतं. मऊ लाकडाचे मात्र तुसे निघतात.