आग विझली, पण ते पाणी कुठे गेलं?

यावेळी बरीच पत्रं एकाच विषयावर आलीत, केमिकल कारखान्याला आग लागून गेल्यावर मागे जे उरतं त्याचं करायचं काय. चार निवडलीत, बाकीच्यांची उत्तरं बहुतेक यातच सापडतील.

प्रश्न: जवळच्या केमिकल कंपनीला आग लागली, दोन दिवसांत विझली. पण आठवडा झाला तरी टँकर सारखे ये-जा करतायत. एवढं उपसतायत काय? राख तर झाडून भरायची ना?

उत्तर: राख नाही हो, पाणी उपसतायत. अशा आगीनंतर बऱ्याचदा सगळ्यात जास्त घातक कचरा म्हणजे आग विझवायला मारलेलं पाणीच असतं आणि हे पटकन कुणाच्या डोक्यात येत नाही. गोदामात जे काही होतं ते सगळं धुऊन घेऊन ते पाणी बाहेर पडतं आणि उतार दिसेल तिकडे पळतं. १ नोव्हेंबर १९८६ ला स्वित्झर्लंडमध्ये बाझेलजवळ सँडोझच्या गोदामाला आग लागली होती, आत साधारण १,३५० टन केमिकल, त्यात कीटकनाशकं भरपूर. आग काही तासांत आटोक्यात आली पण विझवायला मारलेलं १० ते १५ हजार घनमीटर पाणी अडवायला पुरेशी जागाच नव्हती, ते थेट ऱ्हाइन नदीत गेलं, सोबत काही टन विष घेऊन. रंगाचं केमिकल पण त्यात होतं म्हणून नदी लाल झाली आणि खाली शेकडो किलोमीटरपर्यंत ईल मासे मरून वर आले, दीड लाखाच्या आसपास. त्यानंतर मग कुठे युरोपात असं पाणी अडवायच्या टाक्या बांधायचे नियम कडक झाले.

म्हणून आग चालू असतानाच पावसाळी गटारांची तोंडं बंद करतात, वाळूच्या पोत्यांचे बांध घालतात, पाणी अस्तर टाकलेल्या खड्ड्यात वळवतात. मग प्रत्येक खड्ड्यातलं सॅम्पल तपासून टँकर भरतात. हे पाणी साध्या सांडपाणी प्लांटला सोडून चालत नाही कारण तिथं घाण खायचं काम जिवाणू करतात आणि तेच मेले तर सगळा प्लांट बसला. आधी आम्ल-अल्कली सारखं करून घ्यायचं, गाळ वेगळा काढायचा, मग कार्बन फिल्टर. फोम वापरला असेल तर काम आणखी वाढतं, जुन्या प्रकारच्या फोममधली पीएफएएस नावाची रसायनं निसर्गात जवळजवळ तुटतच नाहीत. तुमच्याकडे आठवडाच झालाय, मला तरी हे काम काही महिने चालेलसं वाटतं.

प्रश्न: जळालेले ड्रम एका जागी गोळा करून ठेवले तर पटकन आवरेल ना? इतका वेळ का लावतात?

उत्तर: लेबल जळालंय, म्हणजे आत काय आहे ते ड्रमकडे बघून कळत नाही, वेळ इथेच जातो. आम्लाच्या ड्रमशेजारी सायनाइडचा ठेवला आणि दोन्ही गळले तर हायड्रोजन सायनाइड वायू, तो माणूस मारतो. ब्लीच आणि आम्ल एकत्र आलं की क्लोरीन. फुगलेला ड्रम तर हातच लावायचा नाही, आत प्रेशर असतं. स्टॉकचं रजिस्टर, कुठल्या रॅकला काय होतं त्याचा नकाशा, जुन्या कामगारांची आठवण, हे सगळं जमवून मग थोडंसं सॅम्पल काढून बघतात, पाण्याशी भडकतं का, ऑक्सिडायझर (म्हणजे दुसऱ्या वस्तूला पेटायला मदत करणारं रसायन) आहे का, पीएच किती, म्हणजे आम्ल आहे की अल्कली. नंतर एका जातीचे ड्रम एका बाजूला, गळका असेल तर तो अख्खा मोठ्या ड्रममध्ये. आणि सांडलेल्यावर लाकडाचा भुसा टाकायची सवय असते ना, ती इथे घातक, ऑक्सिडायझरवर भुसा पडला की परत आग. सुकी वाळू किंवा तसलंच न जळणारं काही वापरायचं.

पाणीसुद्धा विचारूनच मारायचं बरं का. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत जॉर्जियातल्या कॉन्यर्सला बायोलॅबच्या प्लांटमध्ये स्प्रिंकलरचं पाणी स्विमिंग पूल साफ करायच्या क्लोरीनवाल्या केमिकलवर पडलं, धूर उठला आणि साधारण १७ हजार लोकांना घरं सोडावी लागली.

प्रश्न: माझे मिस्टर अशा साफसफाईच्या कामावर जातात. कामाचे कपडे घरी आणतात, मी बाकीच्या कपड्यांत धुते. चालतं का?

उत्तर: नाही ताई, आणि चूक तुमची नाहीये. ते कपडे घरी यायलाच नको होते. नीट चाललेल्या साइटवर तीन पट्टे असतात, घाण भाग, मधला धुण्याचा भाग, आणि स्वच्छ. मधल्यात बूट-ग्लोव्हज धुवायचे, सूट काढून तिथेच टाकायचा, अंघोळ, मग घरचे कपडे. हे नसेल तर मिस्टरांनी सुपरवायझरकडे मागायलाच हवं, लाजायचं कसलं त्यात. तोपर्यंत कपडे झटकू नका, वेगळ्या पिशवीत ठेवा, वेगळे धुवा, मुलांच्या कपड्यांत तर अजिबात नाही. कीटकनाशकाने भिजलेला शर्ट धुवायच्या भानगडीत पडूच नका, पिशवीत बांधून साइटच्या घातक कचऱ्यात परत द्यायचा. बूट दाराबाहेर.

प्रश्न: गच्चीवर काळी पूड पडलीय. झाडून टाकू का?

उत्तर: कोरडी झाडू नका, उडते आणि छातीत जाते. आधी अधिकारी काय सांगतायत ते बघा कारण कारखान्याच्या छताला ॲस्बेस्टॉसचे पत्रे असतील तर आगीत ते तडतडून तुकडे लांबवर उडतात आणि ते उचलायला वेगळी माणसं लागतात. नुसती काजळी असेल तर मास्क, ग्लोव्हज, ओलं फडकं. पाइप लावून गटारात ढकलू नका, पहिलं उत्तर परत वाचा. अंगणातली पालेभाजी तपासणीचा निकाल येईपर्यंत राहू द्या. २०१९ मध्ये फ्रान्समध्ये रुआँला ल्युब्रिझोलच्या आगीनंतर काजळी पडलेल्या भागातलं दूध आणि पीक विकायला काही दिवस बंदी होती.

एकाने पोस्टकार्डावर एकच ओळ लिहिलीय, "हा कचरा शेवटी जातो कुठे?" जाळण्यासारखा असेल तर खास भट्टीत, क्लोरीनवाल्या रसायनांना ११०० अंश आणि किमान दोन सेकंद लागतात, त्याखाली जाळलं तर डायॉक्सिन नावाचं फार विषारी रसायन तयार व्हायची भीती. उरलेलं सिमेंटमध्ये घट्ट करून दुहेरी अस्तराच्या खड्ड्यात. पण वाटेत लक्ष ठेवावं लागतं. इटलीत सेवेसोला १९७६ मध्ये डायॉक्सिन पसरलं, तिथला कचरा भरलेले ४१ ड्रम १९८२ मध्ये रीतसर देशाबाहेर निघाले आणि गायबच झाले. दुसऱ्या वर्षी फ्रान्समध्ये एका बंद पडलेल्या कत्तलखान्यात सापडले. जाळले शेवटी १९८५ मध्ये, बाझेललाच.