मालवणात काचा धुण्याच्या कामासाठी आरओ कोणता घ्यावा?

तुम्ही विचारलंय की मालवण-तारकर्ली भागात हॉटेलं आणि होमस्टेच्या काचा शुद्ध पाण्याने, लांब दांड्याच्या ब्रशने धुण्याचं काम दोघं मिळून सुरू करताय. दुकानदार म्हणतो ७५ जीपीडीचा, म्हणजे दिवसाला ७५ गॅलन पाणी देणारा घरगुती आरओ पुरेल, तर तो घ्यावा की मोठं मशीन? मी रत्नागिरीत राहून गणपतीपुळ्यापासून पूर्णगडपर्यंत हेच काम करतो. माझं म्हणणं असं की पैसे अजून देऊ नका. आधी दोन-तीनशे रुपयांचा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार लिटरमागे किती मिलिग्रॅम ते दाखवणारा) घ्या आणि ज्या विहिरीचं पाणी वापरणार तिचं पाणी मोजा. आत्ताचा आकडा लिहून ठेवा, पण मशीन ठरवा ते मे महिन्याच्या आकड्यावर.

आपल्याकडे हा फरक फार मोठा असतो. सड्यावरच्या, जांभ्यातल्या विहिरीचं पाणी मऊ असतं, साबणाला भराभर फेस येतो. श्रावणात तिथे मीटर ५० च्या आसपास दाखवतो. तेच खाडीकाठच्या विहिरीत एप्रिल सरता सरता पाणी मचूळ होतं आणि आकडा हजाराच्या वर जातो. देवबागसारख्या पट्टीत तर एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र. उपसा वाढला की खारं पाणी आत सरकतं. आणि तुमच्या धंद्याचा हंगाम नेमका तोच, मे महिन्याची सुट्टी.

पाण्याचा रिपोर्ट ‘चांगलं’ असा आला तरी तो आपल्या कामाचा नाही. पिण्याच्या पाण्यासाठी आयएस १०५०० या मानकात ५०० टीडीएसपर्यंत स्वीकारार्ह धरतात. काच न पुसता वाळवायची तर ब्रशमधून येणारं पाणी १० च्या आत हवं, शून्याच्या जितकं जवळ तितकं बरं. थेंब वाळला की त्यातला क्षार काचेवर राहतो, आणि उन्हात तो पांढरा ठिपका पार रस्त्यावरून दिसतो.

आता तुमचा ७५ जीपीडी. म्हणजे चोवीस तास चालला तर २८४ लिटर, तासाला जेमतेम १२. एका ब्रशला मिनिटाला दीड-दोन लिटर पाणी लागतं. दिवसात चार तास प्रत्यक्ष पाणी चालू राहिलं तर एका ब्रशलाच साडेतीनशे ते पावणेपाचशे लिटर झाले. तुम्ही दोघं आहात. घरगुती मशीन इथेच बाद होतं.

दुसरी अडचण मी स्वतः भोगली आहे. माझं पहिलं मशीन घरगुतीच होतं आणि त्यात टीडीएस कंट्रोलर होता. पाण्याला चव राहावी म्हणून तो थोडं कच्चं पाणी शुद्ध पाण्यात परत मिसळतो. मला ते माहीत नव्हतं. समुद्रासमोरच्या एका हॉटेलच्या दोन मजल्यांच्या काचा धुतल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मालकांचा फोन आला. सगळ्या काचांवर ठिपके. त्या दिवशी पूर्ण काम परत केलं, तेही फडक्याने. म्हणून विकत घेताना स्पष्ट सांगा: कंट्रोलर नको, मिनरल किंवा अल्कलाइन कार्ट्रिज नको, यूव्हीचीही गरज नाही. त्या पैशात प्री-फिल्टर चांगले घ्या.

प्री-फिल्टरवर कंजुषी करू नका. ५ मायक्रॉनचा सेडिमेंट फिल्टर लाल माती अडवतो. पावसाळ्यात तो दर आठवड्याला बघावा लागतो. त्याच्यापुढे कार्बन हवाच. ग्रामपंचायतीच्या नळाला टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकलेलं असतं आणि त्यातलं क्लोरीन मेंब्रेन, म्हणजे आरओमधला क्षार अडवणारा पडदा, खाऊन टाकतं. जांभ्यातल्या पाण्यात लोह असेल, बादलीच्या तळाला तांबडा थर बसत असेल, तर लोह काढायचा फिल्टर आधी लावा. नाहीतर मेंब्रेन चोंदतं.

मेंब्रेन साधारण ९५ ते ९८ टक्के क्षार अडवतं. मे महिन्यात पाणी १२०० असेल तर पलीकडे २४ ते ६० येणार, म्हणजे काचेला अजून चालणार नाही. म्हणून आरओच्या पुढे मिक्स्ड बेड रेझिनचा (उरलेले क्षार शोषून घेणाऱ्या बारीक दाण्यांचा) सिलिंडर लागतोच. तुमची निवड खरं तर या रेझिनच्या खर्चावरच ठरते. १० लिटर रेझिन २०० टीडीएसच्या पाण्यावर हजार-सव्वा हजार लिटरमध्ये संपतं. ४० च्या पाण्यावर तेच पाच-सहा हजार लिटर जातं.

त्यामुळे मे महिन्यातही तुमची विहीर ५० च्या आत राहत असेल तर मी आरओ घ्यायलाच सांगणार नाही. नुसतं रेझिन घ्या, थेंबभर पाणी वाया जात नाही. ४०० पर्यंत असेल तर १०० लिटर तासाचं मशीन आणि पुढे रेझिन. रात्री टाकी भरून ठेवायची. त्याहून वर गेलं, किंवा विहीर खाडीकाठची असली, तर ४०४० मेंब्रेनचं (४ इंच जाड, ४० इंच लांब) २५० लिटर तासाचं मशीन, हाय प्रेशर पंपासकट. खाऱ्या पाण्यात घरगुती पंप दमतो. दर १००० टीडीएसमागे साधारण ११ पीएसआय दाब नुसता क्षारांवर मात करण्यातच जातो. सांगाडा स्टेनलेस स्टीलचा मागा. रंगवलेलं लोखंड आपल्या खाऱ्या वाऱ्यात टिकत नाही.

एक गोष्ट दुकानदार सांगत नाहीत. जांभ्यातलं पाणी बरेचदा थोडं आम्लधर्मी असतं, त्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. टीडीएस मीटरला तो फारसा दिसत नाही, मेंब्रेनमधून तो आरपार जातो आणि रेझिन मात्र झपाट्याने संपवतो. माझं रेझिन हिशेबाच्या निम्म्यात संपायचं, कारण कळायला एक अख्खा हंगाम गेला. आता आरओचं पाणी आधी टाकीत वरून शॉवरसारखं पाडतो, काही तास तसंच राहू देतो आणि मगच रेझिनमधून सोडतो. टाकी प्लास्टिकची, स्वच्छ आणि झाकलेली हवी. सिमेंटच्या टाकीत आकडा परत चढतो.

वेस्ट पाण्याचा, म्हणजे आरओ क्षारांसकट बाहेर टाकतो त्या पाण्याचा विचार आधीच करा. मोठ्या मशीनवरही निम्मं पाणी बाहेर जातं, आणि टंचाईच्या दिवसांत शेजाऱ्याच्या डोळ्यांदेखत ते गटारात सोडणं मला तरी पटत नाही. क्षार कमी असतील तर त्याच पाण्याने काचेवरची माती आणि मिठाचा पहिला थर धुवा आणि शेवटची धार शुद्ध पाण्याची द्या. मचूळ पाण्याचं वेस्ट सुपारीला घालू नका, तिला ते सोसत नाही. माडाला चालतं.

शुद्ध पाणी गाडीतून कामावर न्यायचं, तर ५०० लिटर म्हणजे अर्धा टन. छोटा हत्तीत टाकी पट्ट्यांनी आवळून बांधा. अर्धवट भरलेली टाकी घाटाच्या वळणावर गाडी ओढते.

आणि मृगाचा पाऊस लागला की काम थांबतं, गणपतीआधी परत बोलावणी येतात. त्या दोन-अडीच महिन्यांत मेंब्रेन कोरडं पडू देऊ नका. दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटं मशीन चालवा, किंवा सोडियम मेटाबायसल्फाइटच्या द्रावणात मेंब्रेन भरून बंद करा. मी एका जूनमध्ये तसंच सोडलं होतं आणि ऑगस्टमध्ये नवीन मेंब्रेन घ्यावं लागलं.

विहिरीचा आत्ताचा आकडा, बादलीत तांबडं बसतं का आणि खाडी किती दूर आहे, एवढं इथे लिहा. रेझिन किती लिटरचं घ्यायचं ते हिशेब करून सांगतो.