हातांचे दंड भरावेत म्हणून वजन वाढवायचं?

"वजन उतरलं, पण कातडी लोंबायला लागली. त्यापेक्षा जाडी होते तेच बरं होतं." ही तक्रार माझ्याकडे बायका दबक्या आवाजात करतात. पुरुष आधी गुडघेदुखी सांगतात आणि उठता उठता पोटाचा विषय काढतात.

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका शिक्षिकेचं सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वय ४२, वजन दहा महिन्यांत ९६ वरून ६९ किलो. डॉक्टरांनी मधुमेहाची गोळी निम्म्यावर आणली होती. तरीही ऐन मे महिन्याच्या उकाड्यात बाई पूर्ण बाह्यांचा ब्लाउज घालून आल्या. फळ्यावर लिहायला हात वर केला की दंडाखालची कातडी हलते आणि मागच्या बाकावरच्या मुली हसतात, असं त्यांना वाटे. त्यात जत्रेत भेटलेली चुलत जाऊ "कितें गो, बरें ना तुका?" (काय गं, बरं नाही का तुला?) असं विचारून मोकळी झाली.

"मॅडम, पाचेक किलो परत वाढवते. निदान हात तरी भरतील." मधल्या सुट्टीत भाजी-बन्स सुरूही झाले होते.

हा बेत मी आधी मोडला. वाढलेली चरबी दंडावरच बसेल याची खात्री कोण देणार? आणि ताणली गेलेली कातडी पुन्हा ताणून घट्ट होत नाही.

मग त्यांना पोटाची घडी चिमटीत धरायला सांगितली. ओढणीच्या कापडासारखी पातळ लागली तर ती सैल कातडी, जाड आणि गुबगुबीत लागली तर आत अजून चरबी आहे. दंडावर पातळ लागली, पोटावर बरीच जाड. "म्हणजे पोट सगळं कातडीचं नाही?" त्यांचा चेहरा पडला की खुलला, मला नीट कळलं नाही.

जेवणाचं विचारलं तेव्हा दंडांचा उलगडा झाला. घर मासळी खाणारं, पण डाएट म्हणून बाईंनी बांगडा सोडलेला आणि रात्री फक्त पेज-लोणचं. इतकं कमी खाऊन वजन भराभर उतरलं की चरबीबरोबर स्नायूही झिजतात. दंड रिकामे दिसत होते ते नुसत्या कातडीमुळे नव्हे. बांगडा परत आला, सोबत अंडी, अळसांदे (चवळीसारखं कडधान्य), भिंतीला हात टेकून जोर आणि नंतर हलके डंबेल्स.

कातडीचं मात्र स्पष्ट सांगावं लागतं. तिला ताण देणारे कोलाजेन आणि इलास्टिनचे तंतू वर्षानुवर्षांच्या वजनाने, वयाने, उन्हाने आणि तंबाखूने कमजोर होतात. वजन स्थिर झाल्यावर वर्ष-दीड वर्षात ती थोडीफार आवळते. पूर्ववत होईल असं मी कुणालाच सांगत नाही. त्यांच्या पर्समधल्या महागड्या क्रीमने त्वचा मऊ होईल, लोंबणं जाणार नाही.

पावसाळ्यातली एक गोष्ट बायका लाजेने बोलत नाहीत: घड्यांमध्ये घाम साचून लाली आणि खाज येते. घडी कोरडी ठेवावी, सुती कपडे वापरावेत. वास किंवा चिरा दिसल्या तर, विशेषतः मधुमेह असताना, घरगुती लेप न लावता त्वचारोगतज्ज्ञाकडे जावं.

शेवटी त्यांनी ऑपरेशनचं विचारलंच. म्हटलं, बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) प्लास्टिक सर्जरी विभाग आहे, सल्ला जरूर घ्या. पण आधी वजन निदान सहा महिने एका जागी राहू दे. शिवाय दंडाच्या आतल्या बाजूने काखेपासून कोपराकडे व्रण राहतो.

"म्हणजे स्लीव्हलेस तेव्हाही नाहीच!" म्हणत त्या हसल्या.

सध्या वजन ७१ वर थांबलंय. दंड थोडे भरलेत, कातडी अजून सैलच आहे. चवथीला त्यांनी कोपरापर्यंत बाह्यांचा ब्लाउज शिवला. ऑपरेशनचं पुढच्या मेच्या सुट्टीत बघू म्हणतात. जावेला काय उत्तर द्यायचं, ते मात्र अजून ठरलेलं नाही.