रोडिओला मराठीत काय म्हणायचं? (आणि ते 'पाश्चात्य वारसा' आधी काढा)

ह्यूस्टनहून एका ताईंनी विचारलंय. त्यांच्या मंडळाच्या अंकासाठी तिथल्या रोडिओवर (उसळत्या बैल-घोड्यांवर टिकून बसायचे, गुरं पकडायचे काउबॉयांचे खेळ) लेख लिहायचाय, इंग्रजी माहितीपत्रकातलं एक वाक्य त्यांनी मराठीत आणलंय पण मोठ्यांदा वाचलं की घशात अडकतंय म्हणतात. वाक्य असं आहे: "रोडिओ हा पाश्चात्य वारसा साजरा करणारा आणि स्थानिक समुदायांना परत देणारा महोत्सव आहे." प्रश्न असे, रोडिओला मराठी शब्द आहे का, 'बैलगाडा शर्यत' म्हटलं तर चालेल का, आणि हे वाक्य नेमकं कुठे बिघडलंय.

ताई, व्याकरणाची चूक एकही नाही, म्हणूनच तर पंचाईत आहे. आमच्या आजीला वाचून दाखवलं असतं तर तिनं एवढंच विचारलं असतं की परत देणारा म्हणजे, आधी उसनं घेतलं होतं का?

पहिल्यांदा तो 'पाश्चात्य' घ्या. मराठीत पाश्चात्य म्हटलं की डोळ्यापुढे काय येतं, सूटबूट, व्हायोलिन, काटेचमचे, 'पाश्चात्य संस्कृतीचं अंधानुकरण' या विषयावर शाळेत लिहिलेला निबंध. म्हणजे आपण इकडे आणि युरोप-अमेरिका सगळी तिकडे. पण रोडिओवाले ज्याला वेस्टर्न म्हणतात तो त्यांच्याच देशाचा पश्चिम भाग, मिसिसिपी नदीच्या पलीकडचा, टेक्सास वायोमिंग ॲरिझोना माँटाना वगैरे, जिथे यादवी युद्धानंतर हजारो गुरांचे कळप हाकत रेल्वेच्या स्टेशनापर्यंत न्यायचे. न्यूयॉर्कचा माणूस आपल्या हिशोबात पक्का पाश्चात्य, पण त्याचा त्या वेस्टर्नशी संबंध तेवढाच जेवढा गिरगावातल्या माणसाचा उसाच्या पाळीपत्रकाशी. आपणसुद्धा सांगली-साताऱ्याला पश्चिम महाराष्ट्र म्हणतो, पाश्चात्य महाराष्ट्र कुणी म्हणतं का? तर तिथे सरळ 'अमेरिकेच्या पश्चिमेकडची गुराढोरांची परंपरा' लिहा, लांब वाटलं तर एकदा असं सांगून पुढे 'वेस्टर्न' ठेवा, सिनेमांमुळे हा शब्द आपल्याकडे सगळ्यांना कळतो.

आणि गंमत म्हणजे या वेस्टर्न वारशातले निम्मे शब्द स्पॅनिश आहेत, म्हणजे मेक्सिकोकडून आलेले. गाईला स्पॅनिशमध्ये वाका, तिच्यामागे घोड्यावरून हिंडणारा तो वाकेरो, त्याचा इंग्रजी जिभेवर झाला बकारू. 'ला रेआता' म्हणजे दोर, इंग्रजीवाल्यांनी 'ला'सकट उचलला आणि केला लॅरिअट. लासो म्हणजे फास (आपल्या फासेपारध्यांच्या नावातला तोच फास). दोराचा पीळ खोगिराच्या मुठीला मारायचा तर वाकेरो म्हणायचे 'दाले व्हुएल्ता', दे वेढा, त्याचं टेक्सासपर्यंत येता येता नुसतं डॅली राहिलं. मस्टँग हा शब्द तर मुळात मालक नसलेल्या चुकार जनावरांचा. आणि ज्याच्यावर डाग (मालकाची ओळख पटवणारी खूण) दिलेला नाही असं जनावर म्हणजे मॅव्हरिक, हा मात्र स्पॅनिश नाही, सॅम्युएल मॅव्हरिक नावाचा टेक्सासचा वकील होता, तो आपल्या गुरांना डाग देत नसे, त्याच्यावरून. या दोन्ही शब्दांना मराठी आयता आहे, बेवारशी. वारशावर लेख लिहिताय तर हे बेवारशी पण घ्याच त्यात, कारण 'वारसा' आणि 'बेवारशी' दोन्हींच्या पोटात अरबी 'वारिस' एकच आहे.

आता मूळ शब्द. रोडिओ आला स्पॅनिश 'रोदेआर'वरून, म्हणजे वेढा घालणं, भोवती फिरणं. कुंपण नसलेल्या माळावर सगळ्यांची गुरं एकत्र चरायची, मग वर्षातून एकदोनदा घोडेस्वारांनी वेढा घालून ती एका जागी गोळा करायची, कुणाचा डाग कुणाचा ते बघून वेगळी काढायची, नव्या वासरांना डागायचं. हे काम म्हणजे रोडिओ. खेळ नंतर आला, काम उरकल्यावर रिकाम्या हातांना खाज सुटतेच, तू जास्त चपळ का मी अशी पैज लागली आणि पुढे त्याला लोक जमायला लागले. ॲरिझोनातल्या प्रेस्कॉटला १८८८ मध्ये, वायोमिंगमधल्या शायेनला १८९७ मध्ये, कॅनडात कॅलगरीला १९१२ मध्ये असे मोठे सोहळे सुरू झाले आणि अजून चालू आहेत. (कॅलगरीच्या सोहळ्याचं नाव 'स्टॅम्पीड'. आपल्या पेपरांत स्टॅम्पीड म्हणजे ठरलेलं भाषांतर चेंगराचेंगरी, तेव्हा कुणी अतिउत्साहात 'कॅलगरीची चेंगराचेंगरी' लिहू नका बाबांनो. तिथे गुरांचा कळप उधळतो, माणसं चेंगरत नाहीत.)

तर वेढा, घेर, गोल. या अर्थाचा आणि त्यात घोडा असलेला मराठी शब्द कुठला? रिंगण! मला हे सुचलं तेव्हा मी अर्धा तास खूश होतो. मग लिहून बघितलं, "ह्यूस्टनचं रिंगण यंदा मार्चमध्ये", आणि लगेच खोडलं. रिंगण म्हटलं की वाखरी दिसते, पताका, मधून धावणारा माउलींचा अश्व आणि तो गेल्यावर त्याच्या टापांची माती कपाळाला लावायला धावणारी माणसं. तिथे घोड्यावर माउली बसलेत अशी श्रद्धा आहे, इथे घोडा माणसाला पाडायला बघतोय. शब्दाची व्युत्पत्ती जुळते पण मन जुळत नाही, अशा वेळी मी व्युत्पत्तीला गप्प बसवतो.

'बैलगाडा शर्यत' का नको तेही सांगतो. वरवर बघता साम्य बरंच आहे, जनावर, धूळ, माइकवरून अखंड बडबड, आणि प्राण्यांच्या छळाचा वाद दोन्हीकडे आहे, आपल्याकडे तर २०१४ साली सुप्रीम कोर्टानं शर्यती बंद केल्या त्या २०२१ च्या डिसेंबरात पुन्हा सुरू झाल्या आणि २०२३ मध्ये घटनापीठानं कायदा उचलून धरला. पण खेळाचं गणित उलटं आहे. आपल्या घाटात (शर्यतीच्या चढाच्या धावपट्टीवर) ज्याचा गाडा कमी सेकंदात वर गेला तो जिंकला, तिकडे बैलावर जो आठ सेकंद टिकला त्यालाच गुण मिळतात, सातव्या सेकंदाला पडला तर शून्य. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट, शंभरातले पन्नास गुण स्वाराचे आणि पन्नास बैलाचे! बैल नीट उसळला नाही तर स्वाराचेही गुण कमी होतात, म्हणून गरीब बैल वाट्याला आला की स्वार नाराज. आपल्याकडे 'गरीब बिचारा बैल' हे कौतुक आहे, तिकडे ती तक्रार.

मग शब्द कुठला? माझं मत, रोडिओच. पण तो पहिल्यांदा येईल तिथे शेजारी 'जत्रा' शब्द येऊ द्या. कारण तुमचा ह्यूस्टनचा प्रकार नुसता रोडिओ नाहीच, त्याच्या पूर्ण नावात आधी जनावरांचं प्रदर्शन येतं आणि मग रोडिओ, १९३२ साली सुरुवात झाली तीही प्रदर्शनानंच. म्हणजे माळेगावची किंवा खरसुंडीची जत्रा डोळ्यापुढे आणा, जनावरांचा बाजार, खाण्याची दुकानं, पाळणे, रात्री गाणंबजावणं, आणि मधोमध मैदानात खेळ. देव तेवढा नाही.

मी दोन वर्षांपूर्वी बहिणीकडे गेलो होतो तेव्हा बघितलाय. बैल आणि घोडे सगळे बघतात, माझ्या लक्षात राहिली ती वासरं पकडायची झुंबड. मैदानात वासरं सोडतात आणि त्यांच्या दुप्पट शाळकरी पोरं. हातात फक्त एक दोरीचं म्होरकं. पोरांनी धावत जाऊन वासरू धरायचं, म्होरकं चढवायचं आणि मैदानाच्या मधल्या आखलेल्या चौकोनात ओढत आणायचं. आमच्या समोरच एक मुलगी, असेल पंधराएक वर्षांची, वासराच्या मानेला मिठी मारून बसली ती बसलीच, वासरू तिला फरफटत नेतंय, तोंडात माती, टोपी कुठल्या कुठे, चौकोनाच्या हातभर अलीकडे वासरानं चारी पाय रोवले आणि हलेना. मग ही पाठीमागे जाऊन ढुंगणाला खांदा लावून ढकलायला लागली आणि सगळं स्टेडियम उभं राहून ओरडतंय. शेजारी बसलेले भाओजी, जे एरवी आयटीतले अतिशय मितभाषी गृहस्थ, ते "शेपूट पिरगाळ! शेपूट!" असं मराठीत ओरडत होते. पकडलेलं वासरू त्या मुलांना मिळत नाही बरं का, त्याऐवजी जनावर विकत घ्यायला पैशाचं प्रमाणपत्र मिळतं, मग ते वर्षभर पाळायचं, खर्च लिहून ठेवायचा आणि पुढच्या वर्षी प्रदर्शनात आणून दाखवायचं.

तुमच्या वाक्यातलं ते 'परत देणारा' म्हणजे हे सगळं. पोरांनी पाळून प्रदर्शनात आणलेल्या जनावरांचा लिलाव तर त्याहून भारी. पहिल्या नंबरचा बैल २०२२ साली १० लाख डॉलरला गेला. दहा लाख डॉलरचं मांस कुठल्याच बैलाच्या अंगावर नसतं, घेणाऱ्यालाही ते माहीत असतं. गावात सप्ताहाच्या शेवटी देवाच्या नारळाचा लिलाव होतो आणि तीस रुपयांचा नारळ पाच हजाराला जातो तेव्हा बोली काही नारळावर नसते, तसंच. पाळणाऱ्या पोराला ठरलेली रक्कम मिळते, वरचे पैसे शिक्षणाच्या निधीत जातात. १९३२ पासून टेक्सासच्या मुलांच्या शिक्षणासाठी दिलेली रक्कम ६० कोटी डॉलरच्या वर गेलीय, आणि राबणारे हजारो लोक बिनपगारी, नोकरीतून रजा काढून आलेले. छोट्या गावांतल्या रोडिओतसुद्धा तेच, आकडे लहान, कुठे गावच्या अग्निशमन दलाला पैसे जातात, कुठे शाळेला.

आता याला 'समुदायांना परत देणे' म्हटलं की त्यातला जीव जातो. मराठीत यासाठी बोलायची पद्धत वेगळी आहे, 'हातभार लावणे', 'पदरमोड करणे', आणि जिथे खरंच ऋणाची भावना आहे तिथे 'उतराई होणे' किंवा 'पांग फेडणे'. आणि 'समुदाय' नको तर 'समाज' लिहू का असंही पुढे विचारलंय तुम्ही, तर जपून. गावातल्या पाटीवर 'अमुकतमुक समाज विकास मंडळ' असतं तेव्हा समाज म्हणजे जात असते हे आपल्याला न सांगता कळतं. 'तिथली माणसं', 'आसपासची गावं', 'पंचक्रोशी' यातलं काहीही बरं. पंचक्रोशी टेक्सासला जरा तोकडी पडेल, तिथे पाच कोसांवर शेजाऱ्याचं फाटक असतं, पण भावना पोचते.

'वारसा साजरा करणे' पण बदला. सण साजरा होतो, वाढदिवस साजरा होतो, वारसा जपतात, सांगतात, मिरवतात. इथे मिरवतात चपखल बसेल कारण ते अक्षरशः मिरवणूकच काढतात. १९५२ साली टेक्सासच्याच ब्रेनहम गावाहून चार जण रोडिओसाठी ह्यूस्टनला निघाले, आता वेगवेगळ्या दिशांनी घोडे आणि घोडागाड्या कित्येक दिवस वाटेत मुक्काम करत येतात आणि शहरात येऊन मिळतात. पण मिरवताना कुणाचा वारसा हेही लिहा. बैलाची शिंगं धरून त्याला लोळवायच्या खेळाला 'बुलडॉगिंग' नाव पडलं ते बिल पिकेटमुळे, टेक्सासचा काळा काउबॉय, १८७० चा जन्म, तो बुलडॉग कुत्र्यासारखा बैलाच्या ओठाला चावा घेऊन त्याला खाली पाडायचा. काउबॉयांमध्ये साधारण चारातला एक काळा होता असं इतिहासकार धरतात, सिनेमात मात्र ते कधी दिसायचे नाहीत.

जाता जाता काउबॉय. 'गुराखी' लिहू नका, आपला गुराखी पायी असतो आणि झाडाखाली बसून पावा वाजवतो. मला जवळचा वाटतो तो शब्द वेगळाच आहे, बारगीर. मराठ्यांच्या फौजेत स्वतःचा घोडा असणारा शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा बारगीर. काउबॉयचं तसंच, खोगीर स्वतःचं पण घोडे बहुतेक वेळा रँचच्या मालकाचे. लेखात वापरू नका, कुणाला कळणार नाही, काउबॉयच ठेवा, मला आपलं सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

वाक्य असं करून बघा: "अमेरिकेच्या पश्चिमेकडची गुराढोरांची परंपरा मिरवणारी ही जत्रा, आणि जमलेल्या पैशातून तिथल्याच पोरांच्या शिक्षणाला हातभार लागतो." महोत्सव गेला, समुदाय गेला, काही बिघडलं नाही.

राहता राहिलं लिंग आणि उच्चार. रोडिओ पुल्लिंगी, रेडिओसारखा, तो रोडिओ, रोडिओला, रोडिओत, अनेकवचनही रोडिओच. उच्चार टेक्सासमध्ये रोडिओ, पण लॉस एंजेलिसकडची ती महागड्या दुकानांची गल्ली मात्र रोडेओ ड्राइव्ह, तिचं नाव एका जुन्या स्पॅनिश जमिनीवरून आलंय, तिथे गुरं नाही तर डोंगरातलं पाणी गोळा व्हायचं म्हणून रोदेओ. आणि हो, पाच-सहा वर्षांची पोरं हेल्मेट घालून मेंढीच्या पाठीला घट्ट चिकटतात आणि मेंढी पळत सुटते, त्या मटन बस्टिंगला मला अजून शब्द सापडलेला नाही. लहानपणी मेंढ्यावर बसायचा उद्योग कुणीकुणी केला असेल, तुमच्याकडे त्याला काही नाव होतं का?