ज्युनिअर इयरला प्रीकॅल्क्युलसमध्ये सी आला, आता यूसीची आशा सोडायची का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की मुलगी कॅलिफोर्नियात पब्लिक स्कूलमध्ये ज्युनिअर इयरला म्हणजे अकरावीत आहे, पहिल्या सेमिस्टरला साध्या प्रीकॅल्क्युलसमध्ये सी आला, बाकी सगळे ए, तिला कॉम्प्युटर सायन्स करायचंय आणि घरात सगळे "यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) गेलं हातचं" म्हणून तोंड पाडून बसलेत. मी इथेच एका हायस्कूलमध्ये गणित शिकवते, अल्जिब्रा टू आणि प्रीकॅल्क, त्यामुळे सेमिस्टर संपला की हा प्रश्न दरवर्षी येतोच आणि विचारणारे बरेचसे आपलेच देसी पालक असतात.

गेलं वगैरे काही नाही. पण तुम्ही कॉम्प्युटर सायन्स म्हणताय म्हणून "काहीच फरक पडत नाही" असंही मी म्हणणार नाही.

आधी हिशोब करू, म्हणजे घरातली हवा जरा हलकी होईल. यूसी जो जीपीए म्हणजे ग्रेडची सरासरी काढते तो नववीनंतरच्या समरपासून अकरावीनंतरच्या समरपर्यंतच्या ए-जी विषयांचा (प्रवेशासाठी यूसीला लागणाऱ्या विषयांचा) असतो, नववीचे ग्रेड त्यांना दिसतात पण जीपीएत धरत नाहीत. सहा विषय धरले तर दोन वर्षांच्या चार सेमिस्टरचे २४ ग्रेड होतात. ए चे चार पॉइंट आणि सीचे दोन, म्हणजे २३ ए आणि एक सी असेल तर ९६ ऐवजी ९४ पॉइंट, म्हणजे ४.० चा साधारण ३.९२ झाला, एपीचे, म्हणजे कॉलेजच्या पातळीच्या कोर्सचे, जास्तीचे पॉइंट वेगळेच. आणि यूसी प्लस-मायनस बघतच नाही, सी मायनस असला तरी सीच आणि बी मायनस असला तरी बीच. कॅलिफोर्नियातल्या मुलांना अर्ज करायला किमान ३.० लागतो आणि ए-जी विषयात सी म्हणजे पास, त्यामुळे त्या बाजूने काही अडत नाही. डी आला असता तर मी वेगळं बोलले असते.

हो, एक गोष्ट आत्ताच सांगते कारण पुढचा मेसेज हाच असतो, "मग समरमध्ये परत घेऊन ए करून टाकू का?" नाही चालत. यूसीसाठी फक्त डी किंवा एफ असेल तरच तो कोर्स रिपीट करून ग्रेड सुधारता येतो, सी आला की तो कायमचा. त्यावर पैसे आणि सुट्टी घालवू नका.

आता कॉम्प्युटर सायन्सचं. यूसीने एसएटी-एसीटी या प्रवेश परीक्षांचे स्कोअर बघणं पूर्ण बंद केलंय, त्यामुळे "ग्रेड गेला तर गेला, एसएटी मॅथला ८०० काढून दाखवू" हा रस्ता तिथे नाहीच. अर्ज वाचणाऱ्यापुढे तिचं गणित म्हणजे फक्त कोर्सची यादी आणि ग्रेड. आणि कॉम्प्युटर सायन्सला अर्ज करणाऱ्यांत गणितात सगळे ए असलेली मुलं ढिगाने असतात, त्यामुळे बर्कली, यूसीएलए, सॅन डिएगो अशा ठिकाणी या एका सीचा चटका बसू शकतो हे खरं आहे. आधी सोप्या मेजरमध्ये (मुख्य विषयात) शिरायचं आणि मग आत जाऊन बदलायचं ही आपल्या लोकांची लाडकी आयडिया पण बऱ्याच कॅम्पसवर चालत नाही, कॉम्प्युटर सायन्समध्ये नंतर शिरणं फार अवघड करून ठेवलंय. हिस्टरी किंवा बायॉलॉजीला अर्ज करायचा असता तर मी तुम्हाला दोन ओळींत उत्तर देऊन मोकळी झाले असते.

पण यूसी अर्ज ज्या १३ निकषांवर वाचते ना, त्यात अलीकडच्या काळात ग्रेड ठळकपणे सुधारलेत का हा एक निकष आहे आणि सीनिअर इयरला म्हणजे बारावीला काय दर्जाचे कोर्स घेतलेत हा दुसरा. म्हणजे आत्ता चालू असलेला दुसरा सेमिस्टर आणि पुढच्या वर्षीचा गणिताचा कोर्स, या दोन्ही गोष्टी अजून तिच्या हातात आहेत. सी, मग ए, मग सीनिअरला एपी कॅल्क्युलस एबी हे चित्र वेगळं आणि सी, मग बी, मग गणितच सोडलं हे चित्र वेगळं. दुसरं चित्र मी जास्त वेळा बघते आणि ते घाबरून केलेलं असतं, मुलं म्हणतात आता गणित नकोच, तीन वर्षं झाली की. झाली हे खरं, यूसीची अट तीन वर्षांचीच आहे, पण त्यासोबतच यूसीची चार वर्षं घ्या अशी शिफारस पण आहे, आणि कॉम्प्युटर सायन्सला जाणाऱ्या मुलीने सीनिअरला गणित सोडलं तर तो त्या सीपेक्षा मोठा डाग दिसतो असं माझं मत आहे. कॅल्क्युलस झेपणार नाही असं खरंच वाटत असेल तर एपी स्टॅटिस्टिक्स घ्या, पण इंजिनिअरिंगसारख्या मेजरला कॅल्क्युलसच बरं.

आता थोडं कडू बोलते, राग मानू नका. प्रीकॅल्कला सी आलेल्या मुलांच्या टेस्ट मी तपासते तेव्हा प्रीकॅल्कच्या चुका कमी आणि अल्जिब्राच्या जास्त निघतात, फॅक्टरिंग येत नाही, अपूर्णांकात चल आला की गोंधळ, लॉगरिदम पाठ केलेला पण घातांकाचे नियम कच्चे. आणि खोदून विचारलं की कळतं की जॉमेट्री समरमध्ये सहा आठवड्यांत उरकली होती कारण मित्राच्या मुलाने उरकली होती. ही शर्यत मिडल स्कूलपासून सुरू होते, सातवीत अल्जिब्रा वन झालं की पार्टीत सांगायला बरं वाटतं, बिल येतं अकरावीत. तुमच्या घरी असं झालंय असं मी म्हणत नाही, मला माहीत नाही, पण एकदा तपासा, कारण तसं असेल तर प्रीकॅल्कचा ट्यूटर लावून उपयोग नाही, अल्जिब्रा टू परत काढून बसावं लागेल.

अर्जात या सीबद्दल लिहायचं का? आजारपण, घरात मृत्यू, शाळा बदलली असं खरं कारण असेल तर यूसीच्या अर्जात जास्तीच्या माहितीसाठी जागा आहे, तिथे दोन-तीन वाक्यांत लिहा. "टीचर कडक होते" हे लिहू नका प्लीज. आणि चार पर्सनल इनसाइट प्रश्नांची उत्तरं असतात, प्रत्येकी ३५० शब्द, त्यातलं एक या ग्रेडवर रडगाणं गाण्यात खर्च करू नका.

यूसीच्या बाहेरचं थोडक्यात. एमआयटी, पर्ड्यू, जॉर्जिया टेक इथे टेस्ट स्कोअर लागतो, तिथे एसएटी मॅथचा चांगला स्कोअर त्या सीला थोडं झाकतो, पूर्ण नाही. कॅलस्टेटचे (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी, यूसीपेक्षा वेगळी) कॅम्पस पण यादीत ठेवा, नुसती नावाजलेली चार नावं ठेवू नका. आणि कम्युनिटी कॉलेजचं (दोन वर्षांच्या स्थानिक कॉलेजचं) नाव काढलं की आपल्याकडे नाक मुरडतात पण तिथून दोन वर्षांनी यूसीला ट्रान्सफर होणारी मुलं कमी नाहीत, डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ या सहा कॅम्पसचा तर गॅरंटी प्रोग्रॅम आहे, टॅग म्हणतात त्याला. फक्त काही मेजर त्यातून वगळलेले असतात, त्यामुळे कॉम्प्युटर सायन्ससाठी प्रत्येक कॅम्पसची यादी वेगळी बघा. ट्रान्सफरच्या वेळी मुख्य वजन कॉलेजच्या ग्रेडला असतं, हायस्कूलचा हा सी तिथे कोणी उगाळत बसत नाही.

या आठवड्यात एवढंच करा, मुलीला सांगा की पहिल्या सेमिस्टरच्या सगळ्या टेस्ट टीचरकडे जाऊन परत बघ, लंचमध्ये किंवा शाळेनंतर, आणि कुठल्या धड्यात मार्क गेले ते लिहून आण. तिने स्वतः जायला हवं, तुम्ही ईमेल करू नका, आम्हाला पालकांचे ईमेल खूप येतात आणि मुलं फार कमी येतात. ट्रिगमध्ये (त्रिकोणमितीत) गेले असतील तर घाई करा, दुसरा सेमिस्टर बहुतेक शाळांत त्यावरच चालतो. ती यादी इथे टाकलीत तर कुठून सुरुवात करायची ते मी सांगते.