चाळीस सोडलेस, पण जगले किती?

एका सकाळी चाळीस मासे धरलेस आणि चाळीसही सोडलेस, मित्र खूश, आणि धक्क्यावरच्या एका म्हाताऱ्याने तुझा सोनार, म्हणजे पाण्याखालचे मासे पडद्यावर दाखवणारं यंत्र, बघून "ही काय मासेमारी झाली?" म्हणून झापलं. तेव्हापासून तू विचारतोयस की यंत्र विकू का. विकू नको. त्याचं एवढं मनावरही घेऊ नको, छोटे सोनार १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून बोटींवर आहेत, त्याच्या तरुणपणीही होतेच की.

फरक पडलाय तो वेगळा. जुना सोनार बोटीच्या खालचं दाखवायचा. २०१८ मध्ये जो लाईव्ह प्रकार आला तो समोरचं दाखवतो, तेही चालू घडीचं, मासा आमिषाकडे वळला, थबकला, परत फिरला, सगळं. तळ्याच्या मधोमध खोलात लटकलेला मासा आम्हाला कधी सापडायचाच नाही. आमचं थांबणं आमच्या नशिबात असायचं, बहुतेक वेळा दोन मासे लागले की दिवस संपला. तुला पुढचा मासा कायम दिसतोय, तू थांबणार कशाला?

म्हणून एकच सांगतो, किती धरायचे ते बोट पाण्यात ढकलायच्या आधी ठरव. आधी. पाण्यावर गेल्यावर कोणी ठरवत नाही, मी तर नाहीच.

सोडतोय ना मग काय बिघडलं, असं म्हणू नको, ते मी वीस वर्षं म्हणत होतो. पर्च आणि बास या माशांची पोटातली हवेची पिशवी, जिच्यावर ते तरंगतात ती, बंद असते. दहा मीटर खोलीवर दाब वरच्या दुप्पट, म्हणजे तिथून ओढून आणलेल्या माशाच्या पिशवीतली हवा दुप्पट फुगायला बघते. ट्राउट मासा ती हवा तोंडावाटे सोडून देतो, पर्चला ते जमत नाही. एकदा मी सोडलेला पर्च बोटीला खेटून आडवा तरंगत राहिला, तोंडातून जठर बाहेर आलेलं, गुलाबी फुग्यासारखं, मी त्याला वल्ह्याने खाली ढकलतोय आणि तो बुचासारखा परत वर येतोय. त्या दिवशी तेवीस सोडले होते. खाली किती गेले ते मोजलं नाही, घरी मात्र तेवीस सांगितले.

म्हणशील, काका, तुम्ही केलंत ते चाललं? नाही चाललं. पण त्याच्या आधी आम्ही एकही सोडत नव्हतो रे, पिशवी भरून न्यायचो. अमेरिकेतल्या बास स्पर्धांमध्ये १९७२ पासून मासा जिवंत सोडायची पद्धत रुजली, ती आमच्यापर्यंत आली तेव्हा सोडणं हेच फार मोठं वाटायचं, आणि उथळ पाण्यात ते खरंच मोठं आहे. असो, मी माझीच वकिली करतोय.

हात ओले करणं, बिनकाट्याचा गळ वगैरे तुला येतं, त्यात शिरत नाही.

आता पाणी तापत चाललंय. १० अंशाच्या पाण्यात लिटरमागे साधारण ११ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, २५ अंशाला ८ च्या आसपास. उन्हाळ्यात वर गरम आणि तळाशी ऑक्सिजन संपलेला, मग ट्राउट मधल्या पट्ट्यात दाटीने कोंडतात, आणि तुझी स्क्रीन नेमका तोच पट्टा दाखवते! नियम येतील, येतायतही. एका मोठ्या बास स्पर्धेने २०२५ पासून हा सोनार दिवसाच्या तीनपैकी एकाच सत्रात चालेल असं केलं. स्वित्झर्लंडमध्ये तर सोडायच्याच हेतूने मासा धरणं बेकायदा आहे. पण तुझ्या तळ्यावर नियम यायची वाट बघत बसणार आहेस का? आकडा आधी ठरव, आणि खोलात मासे दिसले तर त्यांच्यावर आमिष टाकूच नको, बघ नुसता. खायला न्यायचे असतील तर ने, त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण तेही आकड्यात धर.

पुढच्या वेळी निघताना आकडा कागदावर लिही आणि मला फोटो पाठव. माझा पाच आहे. गेल्या खेपेला पाचवा सकाळी सव्वासातलाच लागला, पुढचे तीन तास बोटीत नुसता चडफडत बसलो होतो.