घडीचा स्प्रे बूथ: आधी पंखा, मग सांगाडा

घरच्या वर्कशॉपमधल्या स्प्रे बूथविषयी, म्हणजे फवाऱ्याने रंगकाम करायच्या पंखा लावलेल्या आडोशाविषयी, मुंबईतून आलेल्या पाच पत्रांना या वेळी उत्तरे देत आहोत. बहुतेकांनी सांगाड्याचे चित्र आधी काढले आहे आणि पंखा शेवटी, उरलेल्या पैशांत बसेल तो घ्यायचा असे ठरवले आहे. हा क्रम उलटा हवा. बूथ म्हणजे मुळात वाहती हवा. पडदे आणि पाइप तिला वाट दाखवण्यापुरतेच असतात.

प्रश्न : आमच्या रो-हाउसच्या तळमजल्यावर १० बाय १४ फुटांची, ९ फूट उंचीची खोली आहे. तिथे मी लाकडी फर्निचर करतो. कायमचा बूथ उभारला तर करवतीला आणि रंधा मारायला जागा उरत नाही. काम झाले की भिंतीशी सरकवून ठेवता येईल असा बूथ हवा आहे. माप काय धरावे? स्वयंपाकघरात बसवतात तो १२ इंची एक्झॉस्ट पंखा पुरेल का?
— वाचक, मुलुंड

उत्तर : पंखा पुरणार नाही. समोरून उघड्या बूथच्या तोंडातून हवा मिनिटाला साधारण १०० फूट वेगाने आत जायला हवी. त्याहून हळू गेली, तर रंगाचा धुरळा मागे फिरतो आणि तुमच्या तोंडावर व ओल्या लाकडावर बसतो. तोंड ५ फूट रुंद आणि साडेसहा फूट उंच धरले, तर क्षेत्रफळ ३२.५ चौरस फूट. त्याला १०० ने गुणले की ३,२५० सीएफएम (मिनिटाला घनफूट), म्हणजे तासाला सुमारे ५,५०० घनमीटर हवा. १२ इंची घरगुती पंखा समोर काही अडथळा नसताना हजार सीएफएमच्या आसपास देतो. तुम्हाला १८ इंची, १४०० आरपीएमचा, माहितीपत्रकात तासाला ७,५०० ते ८,००० घनमीटर लिहिलेला पंखा लागेल. गरजेपेक्षा जास्तीची हवा फिल्टरच्या अडथळ्यात खर्च होते. कपाटाचे दरवाजे आणि टेबलाचे पायच रंगवायचे असतील, तर तोंड ४ बाय ५ फुटांचे करा, म्हणजे २,००० सीएफएममध्ये भागते. पंख्यावर पैसे वाचवायचे असतील तर ते माप कमी करून वाचवा, वेग कमी करून नव्हे.

फिल्टर थेट पंख्याच्या तोंडाला चिकटवू नका. १८ इंची पंख्यासमोर तेवढाच फिल्टर लावला, तर त्यातून हवा फार वेगाने ओढली जाते, अडथळा वाढतो आणि पात्यांचा साधा पंखा तिथे हात टेकतो. पंखा खिडकीत बसवून त्या भिंतीला १ फूट खोल पेटी करा आणि तिच्या तोंडावर काचतंतूचे २० बाय २० इंची सहा फिल्टर बसवा, आडवे दोन आणि उभे तीन. सहांचे मिळून सुमारे १६.७ चौरस फूट होतात आणि हवेचा वेग मिनिटाला २०० फुटांच्या आत राहतो. पेटीला एक पारदर्शक नळी जोडून तिचे दुसरे टोक खोलीत मोकळे ठेवा आणि मधल्या यू वळणात रंगीत पाणी भरा. दोन बाजूंच्या पाण्याच्या पातळीतला फरक हा फिल्टरचा अडथळा. १ मिलिमीटर म्हणजे जवळजवळ १० पास्कल (दाबाचे एकक). नवे फिल्टर लावल्यावरचा फरक लिहून ठेवा. तो दुप्पट झाला की फिल्टर बदला.

आता मोटर. यात तडजोड करू नका, कारण थिनरच्या वाफेचा हिशेब भीतिदायक आहे. थिनरमध्ये टोल्युइन हे ज्वलनशील द्रावक असते. १ लिटर टोल्युइन उडाले की सुमारे २३० लिटर वाफ होते. तुमच्या खोलीत ३६ घनमीटर हवा मावते, म्हणजे बंद खोलीत सरासरी ०.६ टक्के वाफ. टोल्युइन १.१ ते १.२ टक्क्यांपासून पेट घेते. वाफ हवेपेक्षा जड असल्याने फरशीजवळ ती सरासरीहून दाट असते, आणि फरशीजवळच बहुतेकांचा एक्स्टेंशन बोर्ड पडलेला असतो. म्हणून मोटर फ्लेमप्रूफ (आतली ठिणगी बाहेर येऊ न देणारी) घ्या, किंवा मोटर हवेच्या वाटेबाहेर ठेवून पट्ट्याने पंखा फिरवा. पाती ॲल्युमिनियमची चालतात, पण भोवतीचा लोखंडी घेर गंजलेला नको. गंजावर ॲल्युमिनियम घासले की ठिणगी उडते. पंख्याचा स्विच खोलीबाहेर ठेवा. रंग फवारणाऱ्या गनच्या हवेच्या लाइनवर, खोलीबाहेरच, एक सोलेनॉइड वॉल्व्ह (विजेवर उघडणारी झडप) बसवा आणि तो पंख्याच्या कॉन्टॅक्टरवरून, म्हणजे पंख्याला वीज जोडणाऱ्या स्विचवरून, चालू होऊ द्या. पंखा बंद असताना गनला हवाच मिळाली नाही, की विसरण्याचा प्रश्न मिटतो.

सांगाड्याला इतके महाग काही लागत नाही. स्लॅबपासून टांगून, साडेसहा फूट उंचीवर येतील असे, ६ फूट लांबीचे दोन ॲल्युमिनियम ट्रॅक समांतर लावा, दवाखान्यात पलंगाभोवती पडद्याला असतात तसे, पण जाड. दर २ फुटांवर स्लॅबमध्ये ८ मिलिमीटरचा अँकर फास्टनर (काँक्रीटमध्ये घट्ट बसणारा बोल्ट) मारा. पीओपीच्या छताला टांगू नका. पुढची चौकट २५ बाय २५ मिलिमीटरच्या १६ गेज चौकोनी पाइपची करा. वरचा आडवा पाइप आणि दोन पाय मिळून १८ फूट पाइप लागतो, वजन साडेसहा किलोच्या आत. दर १० इंचांवर दोन्ही ट्रॅकमधल्या रोलरना जोडणारी पातळ ॲल्युमिनियमची आडवी नळी टाका. छताचा पडदा या नळ्यांवर आणि बाजूचे पडदे त्यांच्या टोकांना अडकवा. पडद्यांना ०.५ मिलिमीटरची पारदर्शक पीव्हीसी शीट, तीन बाजूंना मिळून ९० चौरस फूट, शिवाय शिलाईची वाढ. सगळे टांगलेले वजन १५ किलोच्या आसपास येते. मिटल्यावर पेटीचा १ फूट आणि चुण्यांचे ८ इंच, एवढीच जागा भिंतीशी अडते.

चौकट जमिनीवरच्या चाकांवर ठेवू नका. भुसा चाकात जातो, हवेची नळी आडवी येते. दिवे पडद्याबाहेर लावा. पारदर्शक शीटमधून एलईडी ट्यूबचा उजेड पुरेसा येतो, आणि बाजूने आला की रंगाची ओली कड नीट दिसते. दिवे, कॉन्टॅक्टर, केबल लोहार चाळीत मिळतील, रोलर आणि फास्टनर नागदेवी स्ट्रीटला. चौकटीला आणि पेटीला अर्थिंग द्या.

सगळे बसल्यावर, थिनरचा डबा खोलीत येण्याआधी, बूथच्या तोंडाशी उदबत्ती धरून वर, खाली, कोपऱ्यांत फिरवा. धूर सगळीकडून सरळ आत जायला हवा. खालच्या कोपऱ्यात घुटमळत असेल तर खोलीचे दार पुरते उघडे नाही असे समजा. पंखा जेवढी हवा बाहेर टाकतो, तेवढी दारातून आत आली पाहिजे. उदबत्ती विझवून बाहेर ठेवा, मगच डबा आणा.

प्रश्न : मी असाच सरकता बूथ करून घेतला आहे. धूळ येऊ नये म्हणून समोरही पडदा लावला आणि खाली फूटभर जागा सोडली. तीन अडचणी आहेत: पुढची चौकट ओढताना तिरकी होऊन अडकते, पंखा लावला की बाजूचे पडदे आत ओढले जाऊन कामाला चिकटतात, आणि ताज्या रंगावर जुन्या रंगाच्या पापड्या पडतात.
— वाचक, चेंबूर

उत्तर : पडदे आत येतात ते तुम्ही समोरचे तोंड बंद केल्यामुळे. सगळी हवा फूटभर फटीतून घुसवायची म्हटले की बूथमध्ये १० पास्कल, कधी त्याहून जास्त, ओढ तयार होते. आकडा क्षुल्लक वाटतो, पण बाजूचा पडदा ३ चौरस मीटरचा आहे, म्हणजे त्याच्यावर ३ किलोचा जोर येतो. समोरचा पडदा काढा. धुळीचा फारच त्रास असेल तर पूर्ण तोंडावर विरळ फिल्टर कापड ताणून लावा आणि तुम्ही आत उभ्या राहणार असाल तर मास्कविषयी शेवटचे उत्तर वाचा. बाजूच्या पडद्यांच्या खालच्या दुमडीत १२ मिलिमीटरची सळई घाला.

चौकट तिरकी होते कारण एका हाताने ओढताना एक बाजू पुढे जाते. उपाय ड्रॉइंग बोर्डच्या सरकत्या पट्टीचा आहे. चौकटीच्या वरच्या दोन्ही टोकांना दोन-दोन छोट्या पुली लावा. पहिली वायर मागच्या भिंतीला डावीकडे बांधून चौकटीच्या डाव्या पुलीवर आणा, पाइपला समांतर उजव्या पुलीपर्यंत न्या आणि तिथून पुढे, उजव्या ट्रॅकच्या पुढच्या टोकाला बांधा. दुसरी वायर नेमकी उलट: मागे उजवीकडून सुरू, पुढे डावीकडे शेवट. आता एक बाजू जेवढी सरकेल तेवढीच दुसरीला सरकावे लागते. २ मिलिमीटरची स्टील वायर पुरते. प्रत्येक वायरला एक टर्नबकल (वायर ताणायचा स्क्रू) ठेवा, कारण पहिल्या काही आठवड्यांत ताण सैल पडतो.

पापड्या हा घडीच्या बूथचा खरा आजार आहे. कायमच्या बूथच्या भिंतीवर रंगाचा थर शांत बसून राहतो, पण पडदा दुमडला की तो तडकतो आणि पुढच्या वेळी पंख्याच्या हवेने सुटतो. पीव्हीसीवर रंग बसूच देऊ नका. आतून ५० मायक्रॉनची स्वस्त प्लास्टिक शीट क्लिपांनी टांगा आणि मिटण्याआधी ती गुंडाळून काढून टाका. छतालासुद्धा. बूथ उघडल्यावर पीव्हीसी ओल्या फडक्याने पुसा, म्हणजे तिच्यावर साचलेल्या विजेने ओढलेली धूळ निघते. मग काम आत न ठेवता पाच मिनिटे पंखा चालवा.

प्रश्न : गणपतीसाठी एमडीएफची (दाबलेल्या लाकूड-तंतूंच्या फळीची) मखरे करतो. जुलैमध्ये एनसी (नायट्रोसेल्युलोज) लाकर मारले की पांढरट पडते, मध्येच पाण्याचे थेंबही उडतात. खोलीत एसी लावला, तरी फरक नाही.
— वाचक, लालबाग

उत्तर : एसीने उलट नुकसानच केले असेल. ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असताना दवबिंदू, म्हणजे हवेतले पाणी जमू लागते ते तापमान, साधारण २६ अंशांवर असतो. थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड करतो. ४ अंश उतरले की हवेतले पाणी लाकरावर जमते आणि आत अडकून पांढरे दिसते. एसीत २४ अंशांवर ठेवलेले एमडीएफ बूथमध्ये आणले तर पहिला फवारा मारण्याआधीच त्यावर दव धरते. शिवाय बूथचा पंखा तासाला हजारो घनमीटर बाहेरची हवा आत ओढतो, तिच्यापुढे एसी किंवा डीह्युमिडिफायर टिकत नाही.

साधा आर्द्रतामापक घ्या आणि ७५ टक्क्यांच्या वर लाकर मारू नका. पावसाळ्यात ही संधी बहुधा दुपारी, उघडीप असताना मिळते. मखर दुसऱ्या कोरड्या खोलीत ठेवून हवेपेक्षा ३-४ अंश गरम होऊ द्या. थिनरमध्ये ५ ते १० टक्के रिटार्डर (सुकणे मंद करणारे द्रावक) घाला. त्याहून जास्त घातला तर लाकर ओघळते आणि कित्येक दिवस नखाने खूण उमटते. थर पातळ मारा. पांढरे पडलेले काम घासून काढायची घाई करू नका. कोरड्या दुपारी त्यावर रिटार्डर मिसळलेल्या थिनरचा हलका फवारा मारला, तर बहुतेक वेळा अडकलेले पाणी निघून जाते.

थेंब कॉम्प्रेसरमधून येतात. अशा हवेच्या प्रत्येक घनमीटरमध्ये सुमारे २४ ग्रॅम पाणी असते आणि ७ बारच्या दाबाखाली त्यातले जवळजवळ २० ग्रॅम सुटे होते. तुमची गन तासाला १० घनमीटर हवा घेत असेल तर दर तासाला पेलाभर पाणी. वॉटर ट्रॅप कॉम्प्रेसरला लागूनच बसवला असेल, तर तिथे हवा अजून गरम असते, पाणी वाफेच्या रूपात ट्रॅपमधून निसटते आणि पुढे नळीत थंड होऊन थेंब होते. ट्रॅप १५ ते २० फूट पुढे, गनच्या बाजूला न्या. मधला पाइप धातूचा ठेवा आणि टाकीचे पाणी रोज सोडा.

आणखी एक. पावसाळ्यात वारा नैऋत्येकडून येतो. पंख्याचे तोंड पश्चिमेला असेल तर वारा हवा परत ढकलतो आणि पाणीही आत येते. पूर्वेची खिडकी असेल तर ती निवडा. नसेल तर बाहेर खाली वळलेला कोपरा आणि झडपांचे शटर लावा.

प्रश्न : तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या बाल्कनीत छोटा घडीचा बूथ केला आहे. फिल्टर असूनही शेजारी वासाची तक्रार करतात. कार्बन फिल्टरने वास जाईल का?
— वाचक, दादर

उत्तर : शेजाऱ्यांची तक्रार रास्त आहे. काचतंतूचा फिल्टर रंगाचे कण पकडतो, थिनरची वाफ त्याला दिसतसुद्धा नाही. कार्बन वाफ पकडतो, पण आपल्या वजनाच्या साधारण १० ते २० टक्केच, आणि दमट हवेत त्याहूनही कमी. १ लिटर थिनरमागे ५ ते ८ किलो कार्बन दर वेळी बदलणार का? इमारतीत पाण्यावर आधारित रंग आणि लाकर वापरा, एनसी आणि पीयूचे (पॉलियुरेथेनचे) काम औद्योगिक गाळ्यात न्या. पंख्याचे तोंड संडास-बाथरूमच्या डक्टमध्ये तर मुळीच सोडू नका. ती वाफ वरच्या प्रत्येक घरात शिरते, आणि तिथे कुठे गॅस गीझर पेटलेला असेल हे तुम्हाला कळत नाही.

प्रश्न : बूथ असल्यावर साधा एन९५ मास्क चालेल ना? वापरलेले फिल्टर कचऱ्यात टाकले तर चालतात का?
— वाचक, बोरिवली

उत्तर : दोन्हींना नाही. एन९५ कण अडवतो, वाफ नाही. ऑरगॅनिक व्हेपरची दोन काडतुसे आणि पुढे कणांचे प्री-फिल्टर असलेला रबरी मास्क घ्या. दाढी असेल तर तो चेहऱ्याला नीट बसत नाही. काम झाले की काडतुसे हवाबंद पिशवीत ठेवा, नाहीतर कपाटातसुद्धा ती खोलीतली वाफ शोषत राहतात. हार्डनर मिसळून मारायच्या टू-पॅक पीयूला हा मास्क पुरेसा धरू नका. हार्डनरमधल्या आयसोसायनेटचा वास येईपर्यंत मर्यादा कधीच ओलांडलेली असते, आणि त्याने एकदा दमा जडला की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही धाप लागते. तिथे बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्कच हवा.

वापरलेला फिल्टर सुका दिसला तरी निर्धोक नसतो. एनसीचा धुरळा आणि जवसाच्या तेलाचे पॉलिश एकाच फिल्टरवर बसले, तर ते आतून तापून आपोआप पेटू शकते. दोन्ही कामांसाठी फिल्टरचे वेगळे संच ठेवा. काढलेला फिल्टर, प्लास्टिक शीट आणि थिनरची फडकी लगेच पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, इमारतीबाहेर ठेवा. त्यांची विल्हेवाट औद्योगिक रंगकचरा उचलणाऱ्यांकडेच द्यावी, घरच्या ओल्या-सुक्या कचऱ्यात मिसळू नये.